बांबोळीचं डेंटल कॉलेज: पोराचा तुटलेला दात त्याच तुकड्याने परत जोडून दिला

खूप दिवस लिहायचं लिहायचं म्हणत होते, आज बसलेच. गोव्यात कोणाचा दात पडला, तुटला, कोपरा उडाला की लोक आधी विचारतात चांगला डेंटिस्ट कोण, आणि बांबोळीचं डेंटल कॉलेज फार कमी जणांच्या तोंडी येतं. सरकारी आहे, शिकाऊ मुलं हात लावतात, असं म्हणून सोडून देतात. मीही तेच म्हणायचे. आमच्या घरातले दोन दात तिथे वाचले, एक नऊ वर्षांच्या मुलाचा पुढचा आणि एक माझी दाढ, म्हणून हा रिव्ह्यू.

आम्ही डिचोलीकडचे. दिवाळीच्या आधीचा रविवार, घरामागच्या शेतातलं भात कापून झालेलं, पोरं तिथेच फुटबॉल खेळतात. संध्याकाळी धाकटा तोंडाला हात लावून रडत आला, हाताला रक्त, ओठ सुजलेला, आणि वरचा पुढचा दात तिरका अर्धा गेलेला. दुसऱ्या मुलाचं कोपर लागलं होतं. माझं तर पाणीपाणी झालं, कारण हा कायमचा दात, दीड वर्षापूर्वीच आलेला, आता परत येणार नाही. पण शेजारच्या वैनी अंगणवाडीत आहेत, त्या आधी म्हणाल्या तुकडा कुठाय, तुकडा शोधा. सगळी पोरं परत शेतात पळाली आणि त्या खुंटांमधून, चिखलातून, एका दहा वर्षांच्या मुलाने तो तुकडा शोधून आणला. तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा, एका बाजूला गुळगुळीत, दुसऱ्या बाजूला पिवळसर. वैनींनी तो न घासता पाण्याखाली नुसता धरला आणि स्टीलच्या छोट्या डबीत दूध घालून त्यात टाकला. त्या डबीचे उपकार मी विसरणार नाही.

रविवार, त्यात संध्याकाळ, कोण उघडं असणार. फोन करून करून एका खाजगी दवाखान्यात गेलो (नाव घेत नाही, कुठला तेही सांगत नाही). तिथल्या डॉक्टरांनी दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले नस उघडी पडलीय, आत्ताच रूट कॅनल सुरू करू, मोठा झाला की कॅप. डबी दाखवली तर म्हणाले ह्याचा काही उपयोग नाही, आणि ती ट्रे मध्ये ठेवली, कचऱ्याच्या बाजूला. मी उचलून पर्समध्ये ठेवली. मला त्यातलं काही कळत होतं असं नाही, पण नऊ वर्षांच्या मुलाची नस काढायची हे पोटात जाईना. दुखायचं औषध लिहून घेतलं आणि उद्या येतो सांगून निघालो. रात्रभर झोप नाही. त्याला थंड पाणी लागलं की कळ यायची, श्वास तोंडाने घेतला तरी लागायचं.

सोमवारी पहाटेच निघालो, कदंबने (गोव्याची सरकारी बस) पणजी आणि तिथून बांबोळी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, जीएमसीच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) आवारालाच लागून आहे, हायवेवर फुलांचो खुरीस (फुलांचा क्रॉस) लागतो तोच भाग. 1980 पासून आहे हे कॉलेज. केस पेपर काढला, आधी तपासणीच्या विभागात बघतात, एक्स-रे काढतात आणि मग जो विभाग लागेल तिथे पाठवतात. लहान मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे हे मला तिथे जाऊन कळलं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच, कारण मुलाचा दात आणि मोठ्या माणसाचा दात ह्यात काय फरक असतो ते मला तिथे पहिल्यांदा कोणीतरी बसवून समजावलं.

तिथे एक पीजी (डेंटिस्ट झाल्यावरचं पुढचं शिक्षण) करणारी मुलगी होती, पंचविशीची असेल. ती आधी मुलाशी बोलली, माझ्याशी नंतर. कोंकणीत म्हणाली, भिवपाचें कांय ना, हांव फकत पळयतां (घाबरायचं काही नाही, मी फक्त बघते). मग तिने आरसा त्याच्या हातात दिला आणि त्याला स्वतःलाच दात दाखवायला लावला. कुठे लागलं, बेशुद्ध झाला होता का, उलटी झाली का, टीटीचं इंजेक्शन कधी झालंय, सगळं विचारलं. ओठाच्या आत बोट फिरवून बघितलं, कारण कधीकधी दाताचा बारीक तुकडा ओठातच रुतून राहतो म्हणे. बाजूचे दात हलवून बघितले. मग एक्स-रे उजेडासमोर धरून मला दाखवलं.

तिने जे सांगितलं ते माझ्या भाषेत सांगते. ह्या वयात पुढचा दात बाहेर दिसायला पूर्ण असतो पण आत हाडात त्याचं मूळ अजून बनत असतं, टोकाला उघडंच असतं, एक्स-रेत ते फनेलसारखं दिसत होतं. मूळ वाढवायचं, त्याची भिंत जाड करायचं काम आतली नस करते. आत्ताच सगळी नस काढली तर मूळ तिथेच थांबतं, भिंती पातळ राहतात आणि पुढे साध्या धक्क्याने सुद्धा दात मुळातच मोडू शकतो. त्याची नस टाचणीच्या टोकाएवढीच उघडी होती, गुलाबी ठिपका, आणि एक दिवसही पूर्ण झाला नव्हता. म्हणून वरचा फक्त थोडा भाग काढायचा, रक्त थांबलं की त्यावर औषध ठेवायचं आणि बाकीची नस जिवंत ठेवायची. मग तिने सरांना बोलावलं, सरांनी परत सगळं बघितलं आणि तेच सांगितलं. मी घाबरत घाबरत पर्समधून डबी काढली. ती मुलगी डबी उघडून इतकी खूश झाली की मला रडू आलं. म्हणाली कोणी ठेवायला सांगितलं हे, फार छान केलंत.

मला आत बसू दिलं. त्याने माझा अंगठा धरून ठेवलेला, पूर्ण वेळ. हिरडीवर आधी बधीर करायची जेल, मग इंजेक्शन, ते त्याला दिसणार नाही अशा बेताने. एक रबराचा पातळ पडदा ताणून बसवला, त्यातून फक्त दात बाहेर, म्हणजे थुंकी आत जात नाही. नसेचं काम दहा पंधरा मिनिटांत झालं असेल. खरं बघण्यासारखं पुढचं होतं. तिने तो तुकडा चिमट्याने उचलून दातावर लावून बघितला, फिरवला, परत लावला, दिवा जवळ ओढला, असं कितीदा केलं असेल देव जाणे. एका क्षणी तो जागेवर बसला आणि तडा कुठे होता ते दिसेना. मग दोन्हीकडे निळी जेल, धुतलं, बाँड लावला, मध्ये दाताच्या रंगाचं कंपोझिट, तुकडा दाबून धरला, नारिंगी काच पुढे धरून निळा लाइट मारला. वरून थोडं घासून पॉलिश. आरशात बघून पोराने पहिल्यांदा जीभ फिरवली. आदल्या संध्याकाळपासून तोंड मिटून बसलेला तो, जाताना बसमध्ये खिडकीच्या काचेत दात बघत होता.

तुकडा ओला राहिल्यामुळे रंग जुळला असं त्यांनी सांगितलं. सुकला असता तर पांढुरका पडला असता आणि चिकटायलाही त्रास. दाताच्या वरचं जे कवच असतं ते शरीरातली सगळ्यात कडक गोष्ट, पण ते एकदा गेलं की परत उगवत नाही, ते बनवणाऱ्या पेशीच दात बाहेर आल्यावर उरत नाहीत. त्यामुळे जो तुकडा आहे तो सांभाळायचा.

आणि अख्खा दात मुळासकट बाहेर आला तर, हेही त्यांनी सगळ्या बसलेल्या आयांना सांगितलं, म्हणून लिहिते. दात वरच्या पांढऱ्या भागाने धरायचा, मुळाला हात लावायचा नाही, घासायचा तर अजिबात नाही. माती असेल तर क्षणभर दुधाने किंवा पाण्याने धुवायचा आणि जमलं तर लगेच त्याच खळग्यात परत बसवून रुमाल चावून धरायचा. नाही जमलं तर थंड दुधात. साध्या पाण्यात ठेवून द्यायचा नाही, मुळावरच्या पेशी मरतात. आणि पहिल्या अर्ध्या तासात, फार तर तासात डॉक्टरकडे. पण हे फक्त कायमच्या दाताचं, दुधाचा दात परत बसवत नाहीत, खाली येणाऱ्या दाताला इजा होते.

आता माझी दाढ. खालची डावी, तिच्यात पंधरा वर्षांपूर्वीची मोठी चांदी भरलेली. शिरगावच्या लईराईच्या जत्रेतून खाजें आणलेलं, ते चावताना बाजूची भिंत कटकन गेली. तेव्हा एका दुसऱ्या ठिकाणी दाखवलं (हेही नाव नाही), तर म्हणाले काही राहिलं नाही, काढून टाका आणि इम्प्लांट (हाडात स्क्रू बसवून त्यावर नकली दात) करा, तीस हजारांच्या पुढचा आकडा सांगितला. माझ्या नवऱ्याचं दुकान त्या वर्षी नीट चालत नव्हतं. मी त्या बाजूने जेवणंच बंद केलं, दोन वर्षं. मुलाच्या दुसऱ्या फेरीला त्याच्यासोबत मीही पेपर काढला.

तिथे एक्स-रे बघून त्यांनी सांगितलं की मूळ चांगलं आहे, आधाराचं हाड चांगलं आहे, वर पकडायला पुरेसा दात शिल्लक आहे, तर काढायचा कशाला. मूळ उभं चिरलेलं असतं तर काढायला आम्हीच सांगितलं असतं, असंही म्हणाले, आणि ते मला फार बरं वाटलं कारण खोटी आशा कोणी देत नव्हतं. रूट कॅनल तीन बैठकांत झालं. बारीक बारीक फायली, त्यांना जोडलेलं एक यंत्र जे मुळाच्या टोकाशी पोचलं की बीप करतं, मग आत औषधाने धुणं, शेवटी गटापर्चा (रबरासारखा पदार्थ) भरून बंद. दुखलं का, तर इंजेक्शनच्या टोचण्यापलीकडे नाही. तोंड उघडं धरून जबडा मात्र अवघडतो. नंतर वर कंपोझिटने दाढ उभी केली आणि मग कॅप.

कॅपबद्दल एवढंच, रूट कॅनल झालं की दुखणं जातं आणि बरेच जण तिथेच थांबतात, आमच्या सासूबाई पण थांबल्या होत्या आणि त्यांची दाढ सहा महिन्यांत दोन तुकडे होऊन निघाली. आतून पोखरलेली दाढ चावण्याचा भार एकटी घेऊ शकत नाही, तिला वरून झाकावंच लागतं. मी आत धातू आणि वर सिरॅमिक अशी घेतली. रंगाची पट्टी दातांना लावून शेड ठरवली, तीही खिडकीच्या उजेडात नेऊन.

खर्च, दोघांचा सगळा मिळून, मला एका इम्प्लांटचा जो आकडा सांगितला होता त्याच्या जवळपासही गेला नाही.

आता ज्यांना जायचंय त्यांनी वेळ काढून जा. हे शिकवायचं ठिकाण आहे, प्रत्येक पायरीवर सर किंवा मॅडम येऊन बघतात आणि मगच पुढे, त्यामुळे जे काम बाहेर अर्ध्या तासात उरकतं त्याला इथे सकाळ लागते. मला विचाराल तर तेच मला हवं होतं, दोन डोळ्यांऐवजी चार डोळे दातावर. रोजंदारीवर असणाऱ्यांना फेऱ्या जड जातात हे खरं, माझ्या बाजूला वाळपईहून आलेली एक बाई होती, तिने तीन फेऱ्यांसाठी तीन खाडे केलेले. सकाळी लवकर पोचा, जुने एक्स-रे आणि गोळ्यांची चिठ्ठी न्या, बीपी शुगर असेल तर आधीच सांगा, आणि लहान मुलाला उपाशी नेऊ नका. रविवारी आणि सरकारी सुट्टीला ओपीडी धरून चालू नका.

धाकट्याला दर काही महिन्यांनी बोलावतात, दाताला थंड लावून बघतात की नस जिवंत आहे ना, आणि एक्स-रे काढतात. गेल्या वेळी त्याच मुलीने जुना आणि नवा एक्स-रे शेजारी शेजारी धरून दाखवला. ते फनेलसारखं टोक आता बरंचसं मिटत आलंय, मुळाची भिंतही जाड दिसते. पुढच्या दाताने कडक काकण (बांगडीसारखा गोल पाव) तोडायचं नाही, उसाला दात लावायचा नाही एवढी बंधनं आहेत, आणि फुटबॉलला जाताना तोंडात माउथगार्ड, तो त्याने स्वतःच्या मित्रांनाही घ्यायला लावलाय. तुकडा शोधून देणाऱ्या मुलाला आम्ही चवथीला घरी बोलावून नेवऱ्या दिल्या. पुढची तारीख जानेवारीत आहे, पेपर देवाच्या फोटोमागे प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलाय.