काचेखालचा फ्लॉवर की हिवाळी ब्रोकोली? जुन्या इंग्रजी पद्धतींची तुलना

इंग्लंडमध्ये अलॉटमेंट, म्हणजे भाजीसाठी भाड्याने मिळणारा जमिनीचा छोटा तुकडा, घेऊन भाजी पिकवणाऱ्या एखाद्या वाचकाला 1800 ते 1830 या काळातील रीतीने फ्लॉवर लावून पाहायचा असेल, तर त्याला आधी एक निवड करावी लागेल, आणि ती त्या काळच्या माळ्यांनाही चुकली नव्हती. ऑगस्टमध्ये बी टाकून रोपे हिवाळाभर काचेखाली जगवायची आणि जूनच्या सुमारास गड्डे काढायचे, की मेच्या अखेरीस बी टाकून उघड्यावरच शरद ऋतूतले पीक घ्यायचे, की फ्लॉवरचा नाद सोडून पांढरी हिवाळी ब्रोकोली लावायची? यातली ब्रोकोली म्हणजे आज दुकानात मिळणारी हिरवी ब्रोकोली नव्हे. थंडी सोसून पुढच्या वर्षी मेपर्यंत पांढरे गड्डे देणाऱ्या काटक जातींनाही तेव्हा ब्रोकोली म्हणत, आणि शिजून ताटात आल्यावर त्या फ्लॉवरपासून वेगळ्या ओळखणे सोपे नसे.

काचेखालची पद्धत सर्वांत प्रतिष्ठेची आणि सर्वांत कटकटीची होती. लंडनच्या आसपास 21 ऑगस्टच्या मागेपुढे एकदोन दिवसांत बी टाकण्याचा जुना दंडक होता. बी लवकर पडले तर रोपे थंडीआधीच थोराड होऊन वसंतात बटणाएवढा गड्डा धरत, आणि उशिरा पडले तर कोवळी रोपे हिवाळ्यात टिकत नसत. सप्टेंबरमध्ये रोपे वाफ्यात विरळ लावली जात आणि ऑक्टोबरच्या अखेरीस भरपूर शेणखत घातलेल्या जमिनीत कायमच्या जागी नेली जात. एकेका जागी तीन ते पाच रोपे लावून त्यांवर उलट्या टोपासारखे काचेचे झाकण ठेवत. हे झाकण कधी घंटेच्या आकाराचे अखंड फुगवलेल्या काचेचे असे, तर कधी धातूच्या चौकटीत तुकडे बसवलेले. खरे काम त्यानंतर सुरू होई. दिवस उबदार निघाला की प्रत्येक झाकणाची दक्षिणेकडची कड उचलून तिच्याखाली विटेचा तुकडा किंवा खाचा पाडलेली काठी सरकवायची, संध्याकाळी गारठा वाढण्याआधी ती काढून घ्यायची, आणि कडाक्याची थंडी असली की झाकणाभोवती पेंढा लोटायचा. बंद काचेत कोंडलेली रोपे लुसलुशीत होऊन कुजतात, आणि उघडी राहिलेली एका रात्रीत जातात. मार्चच्या सुमारास प्रत्येक झाकणाखाली एकदोन दणकट रोपे ठेवून बाकीची दुसरीकडे लावत, बुंध्याला मातीची भर देत, आणि गड्डा दिसू लागला की भोवतालचे एखादे पान मोडून त्यावर पालथे घालत. उन्हापावसाने पिवळा पडलेला गड्डा बाजारात कमी प्रतीचा ठरे.

हा खटाटोप लंडनच्या पश्चिमेकडील फुलम, चेल्सी भागातल्या बाजारमाळ्यांना परवडे, कारण राजधानीच्या तबेल्यांतले लिदीचे खत त्यांना मिळे आणि कॉव्हेंट गार्डनच्या बाजारात हंगामातल्या पहिल्या गड्ड्यांना चांगला भाव येई. श्रीमंतांच्या बागांतही माळी पगारी असल्यामुळे हे जमून जाई. बेताच्या मिळकतीच्या घराला मात्र काचच महाग पडे. इंग्लंडात 1740 च्या दशकापासून काचेवर कर होता आणि तो 1845 मध्येच रद्द झाला. त्यामुळे एका वादळात चार झाकणे फुटली तर पिकाचा नफा तिथेच संपे. आज काच स्वस्त आहे, पण सकाळ-संध्याकाळ झाकण उचलणारा माणूस स्वस्त नाही. माझ्या मते निवड याच मुद्द्यावर व्हावी, कारण या पद्धतीत जास्तीचा फ्लॉवर पदरात पडत नाही, पदरात पडतात ते फक्त हंगामाच्या आधीचे काही आठवडे.

ब्रोकोलीचे गणित उलटे आहे. एप्रिल-मेमध्ये बी टाकायचे, जूनअखेर ते जुलैत सुमारे दोन फुटांवर लागवड करायची आणि मग पुष्कळसे काम ऋतूवर सोडायचे. त्या काळच्या जातींमध्ये जांभळी केप शरदातच तयार होई, पिवळसर छटेच्या पोर्ट्समथला नाव होते, आणि उशिराच्या पांढऱ्या जाती वसंतात, म्हणजे ताज्या भाजीची टंचाई असताना हाती येत. थंडी बसल्याशिवाय या उशिराच्या जाती गड्डाच धरत नाहीत, म्हणून नऊदहा महिने जागा अडते, हा त्यांचा मोठा तोटा आहे. एक युक्ती मात्र मला फार आवडते. हिवाळ्याच्या तोंडावर माळी रोपाच्या एका बाजूची माती काढून ते उत्तरेकडे कलते करत आणि बुंधा मातीने झाकत, म्हणजे गोठलेल्या शेंड्यावर सकाळचे ऊन थेट पडून तो झपाट्याने वितळत नसे. असे करूनही खात्री नसे. 1814 च्या फेब्रुवारीत टेम्स नदी गोठून तिच्यावर जत्रा भरली होती, आणि तसल्या हिवाळ्यात उघड्यावरच्या कोणत्याही पिकाबद्दल पैज लावण्यात अर्थ नव्हता.

मेअखेर बी टाकून जुलैत लावलेला फ्लॉवर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतो. त्याला काच लागत नाही, फक्त लागवडीनंतर पाण्याचा ताण पडू देता कामा नये. कडाक्याच्या थंडीआधी उरलेली झाडे मुळांसकट उपटून तळघरात ठेवली की आणखी काही आठवडे भाजी पुरते.

खाण्याच्या बाबतीत तुलना फ्लॉवरच्या बाजूने झुकते, पण फार नाही. 1817 मध्ये ज्यांचे पाकपुस्तक प्रथम निघाले त्या डॉ. विल्यम किचनर यांनी घट्ट, पांढरा, मध्यम आकाराचा गड्डा निवडून तो तासभर मिठाच्या पाण्यात ठेवायला सांगितले आहे, म्हणजे आतल्या अळ्या बाहेर येतात. मग उकळत्या मीठपाण्यात लहान गड्डा सुमारे पंधरा मिनिटे आणि मोठा वीस मिनिटे शिजवायचा, वर येणारा फेस काढत राहायचे, आणि नरम होताच त्याच क्षणी उचलायचा. इंग्रज भाज्यांचा गिचका करतात हा आपल्याकडचा समज किमान या कृतीला लागू पडत नाही. काही घरांत गड्डा पांढराशुभ्र राहावा म्हणून दूध घातलेल्या पाण्यात उकळत आणि वितळवलेल्या लोण्याच्या सॉसबरोबर अखंडच ताटात मांडत. जांभळ्या ब्रोकोलीचे कोंब उकडून भाजलेल्या पावावर वाढत. फ्लॉवरचे तुरे हळद, आले, लसूण आणि मोहरी घातलेल्या व्हिनेगरमध्ये मुरवून 'इंडियन पिकल'ही करत. गंमत अशी की फ्लॉवरचे बी इंग्लंडहून भारतात सहारनपूरच्या कंपनी बागेत (ईस्ट इंडिया कंपनीच्या बागेत) 1822 मध्ये आले असे मानले जाते, म्हणजे हे 'भारतीय' लोणचे इंग्लंडात त्याआधीपासून मुरत होते.

घरी दिवसभर कोणी नसेल, तर काचेखालची पद्धत मी सुचवणार नाही. जागा मुबलक असून वसंतात भाजी हवी असेल, तर पांढरी ब्रोकोली लावावी. चारपाच वाफ्यांची अलॉटमेंट असलेल्याने मेअखेरचे बी धरावे. तरीही जूनचा पहिला गड्डा पाहण्याची हौस असेल, तर पहिल्या वर्षी दोनच झाकणे घ्यावीत, आणि 21 ऑगस्टच्या आसपासच्या आठवड्यात सुट्टीवर जाण्याचा बेत आखू नये.