धम्मगिरी, इगतपुरी: रोजच्या ताणावर दहा दिवसांचे शिबिर कितपत उपयोगी?

ब्रह्मदेशाचे महालेखापाल असलेले सयाजी ऊ बा खिन कार्यालयाचा कारभार सांभाळून विपश्यना ही बौद्ध परंपरेतील ध्यानपद्धती शिकवत असत. 1955 साली सत्यनारायण गोएंका हे तरुण व्यापारी त्यांच्याकडे गेले, ते मॉर्फिन घेतल्याशिवाय न शमणाऱ्या अर्धशिशीवर उतारा मिळेल या आशेने. केवळ डोकेदुखीसाठी येणार असाल तर येऊ नका, मन निर्मळ करायचे असेल तर या, दुखणे गेलेच तर तो जोडलाभ समजा, अशा आशयाचे उत्तर त्यांना मिळाले होते. हेच गोएंका 1969 मध्ये भारतात आले आणि त्यांच्या प्रेरणेतून उभ्या राहिलेल्या इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना केंद्रात 1976 पासून शिबिरे भरू लागली. आज तेथे अर्ज करणाऱ्यांत झोप उडालेले, चिडचिड वाढलेले आणि नोकरीने पिचलेले लोक पुष्कळ असतात. त्यांची अपेक्षा कितपत पुरी होते, एवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करायला हवा. कसारा घाट चढून गेल्यावरची हवा, सह्याद्रीचे कडे आणि हिरवा परिसर पाहून हे विश्रांतीचे ठिकाण वाटते, पण येथील दिनक्रम कोणत्याही नोकरीपेक्षा कडक आहे. पहाटे चारला घंटा होते, साडेचारला ध्यान सुरू होते आणि रात्री साडेनऊला दिवे मालवेपर्यंत दहा तासांहून अधिक काळ बैठकीत जातो. नाश्ता साडेसहाला, जेवण अकराला आणि संध्याकाळी पाचला नव्या साधकांसाठी चहा व फळे, की त्या दिवसाचे खाणे संपले. फोन पहिल्याच दिवशी जमा करावा लागतो. वाचन, लेखन, योगासने यांना मनाई आहे. आर्यमौन, म्हणजे न बोलण्याचा नियम, इतके कसोशीचे, की शेजाऱ्याकडे पाहून खूण करणेही त्यात बसत नाही. आचार्यांना प्रश्न विचारण्याची आणि गैरसोय असल्यास धम्मसेवकांना, म्हणजे तेथील स्वयंसेवकांना, सांगण्याची मुभा मात्र असते.

पहिले तीन दिवस आनापान चालते, म्हणजे नाकपुड्या आणि वरचा ओठ यांच्यामधल्या जागेवर येणारा-जाणारा श्वास जसा आहे तसा पाहायचा. चौथ्या दिवशी विपश्यना दिली जाते: डोक्यापासून पायापर्यंत शरीरात उमटणाऱ्या संवेदना क्रमाने पाहायच्या आणि सुखद संवेदनेला चिकटायचे नाही, दुःखदाला झिडकारायचे नाही. त्यानंतर सकाळी आठ, दुपारी अडीच आणि सायंकाळी सहा या सामूहिक बैठका अधिष्ठानाच्या होतात, म्हणजे तासभर शक्यतो आसन मोडायचे नाही, डोळे उघडायचे नाहीत. गुडघे ठणकू लागतात, पाठ अवघडते, आणि ज्या विचारांपासून सुटका हवी म्हणून माणूस येथे आलेला असतो, तेच विचार, करमणुकीची कोणतीही आडवाट शिल्लक न राहिल्यामुळे, सोबतीला येऊन बसतात.

ताणाच्या दृष्टीने या पद्धतीचे मर्म याच बैठकांत आहे, असे माझे मत आहे. वरिष्ठांचा खोचक निरोप वाचल्यावर आपण उत्तर द्यायला सरसावतो, त्याआधीच जबडा आवळलेला असतो, श्वास उथळ झालेला असतो आणि छातीत धग उठलेली असते. ही चाहूल वेळेवर लागली, तर उत्तर देण्यापूर्वी क्षणभराची सवड मिळते. शिबिरानंतर राग येतच नाही असे कोणी सांगितले, तर त्यावर विश्वास ठेवू नये. राग येतो, पण तो अंगात चढताना दिसतो, आणि संसारी माणसासाठी ही कमाई लहान नाही.

ती टिकवायची मात्र रोज सकाळी एक आणि संध्याकाळी एक तास बसून, असे संस्थेचेच सांगणे आहे. डोंबिवलीहून सकाळची लोकल पकडणाऱ्याने किंवा दोन डबे भरून कामावर निघणाऱ्या बाईने हे दोन तास कोठून काढायचे, याचे उत्तर रात्री ऐकवल्या जाणाऱ्या गोएंकांच्या प्रवचनांत मिळत नाही. प्रवचने रसाळ आहेत, गोएंकांची विनोदबुद्धी कित्येकदा थकलेल्या साधकाला सावरते. तरीही पंचशील, बुद्ध, धम्म, संघ या त्रिरत्नांना शरण, पाली पठण आणि पूर्वसंस्कारांची मांडणी ऐकताना, ही पद्धत सर्वस्वी संप्रदायमुक्त असल्याचा दावा मला पूर्ण पटत नाही. ज्यांना हे खटकेल त्यांनी आधीच जाणून जावे. शिवाय डोक्यावरचे कर्ज, आजारी आईवडिलांची शुश्रूषा किंवा कामावरचा अन्याय ही ताणाची कारणे डोळे मिटल्याने हटत नाहीत. मनाची समता साधली तरी वकिलाकडे जायचे ते जावेच लागते.

ज्यांना मनोविकाराचा पूर्वेतिहास आहे, ज्यांची औषधे चालू आहेत किंवा ज्यांच्या मनात आत्महत्येचे विचार येत आहेत, त्यांनी येथे उपचार म्हणून येऊ नये. इतके दीर्घ ध्यान काहींच्या बाबतीत चिंता आणि निद्रानाश वाढवू शकते. प्रवेशअर्जात मानसिक आजार व औषधे यांची विचारणा केलेली असते आणि विपश्यना वैद्यकीय उपचारांना पर्याय नाही, हे नियमावलीतही नमूद आहे. प्रवेश मिळावा म्हणून ही माहिती लपवणे किंवा गोळ्या परस्पर बंद करणे धोक्याचे आहे. अशांनी आधी मनोविकारतज्ज्ञाला गाठावे. तेवढी सोय जवळ नसेल तर केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची मोफत दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर अहोरात्र मिळते आणि तेथे मराठीत बोलता येते.

शिबिराला शुल्क नाही. राहणे-जेवण जुन्या साधकांच्या दानातून चालते आणि किमान एक शिबिर पूर्ण केल्याखेरीज दानही स्वीकारले जात नाही. आरोग्याच्या नावाखाली हजारोंची पॅकेजे विकली जात असताना हा रिवाज मला सर्वाधिक भावला. नावाला दहा दिवस असले, तरी आदल्या दिवशी पोहोचणे आणि अकराव्या दिवशी सकाळी निघणे धरून रजा बारा दिवसांची काढावी. गुडघ्याचा किंवा पाठीचा जुना त्रास असल्यास तो अर्जातच लिहावा, कारण खुर्चीची व्यवस्था होऊ शकते. पावसाळ्यात इगतपुरीत कपडे वाळत नाहीत, म्हणून जोड जास्त न्यावेत. मुंबईकरांना पुढे सराव मोडू द्यायचा नसेल, तर गोराईच्या ग्लोबल विपश्यना पगोड्यात जुन्या साधकांसाठी एकदिवसीय शिबिरे भरतात. दोन तासांची बैठक घरी जमणार नाही असे वाटणाऱ्यांनी निदान या एकदिवसीय शिबिरांचा नेम ठेवण्याची तयारी करूनच इगतपुरीचा अर्ज भरावा.