इंटरव्ह्यूच्या नावाखाली माझ्याच हाताने मालवेअर चालवून घेतलं
जॉब शोधत असाल आणि जावास्क्रिप्टवर काम करत असाल तर हे वाचाच, कारण माझ्या बाबतीत जे झालं ते कुणाच्याही बाबतीत होऊ शकतं.

एका रिक्रूटरचा मेसेज आला. माझ्या एका छोट्या ओपन सोर्स पॅकेजमधला (कुणीही आपल्या प्रोजेक्टमध्ये वापरू शकतो असा खुला कोड) मी केलेला फिक्स त्याने नेमका सांगितला, त्यामुळे माणूस खरा वाटला. दोन दिवस नीट बोलणं झालं, मग कॉल. त्याचा कॅमेरा बंद, म्हणे नेटवर्क वीक आहे. लगेच गिटहबची (कोड ठेवायची साइट) लिंक दिली, प्रोजेक्ट क्लोन करा म्हणजे आपल्या मशीनवर उतरवा, चालवा, लॉगिनमधला बग काढा, अर्धा तास आहे. व्हीएस कोड या एडिटरने विचारलं की या फोल्डरच्या ऑथरवर विश्वास आहे का, मी हो केलं, एनपीएम (जावास्क्रिप्टची पॅकेजेस बसवायचं आणि पब्लिश करायचं टूल) इन्स्टॉलने लागणारी पॅकेजेस बसवली, एनपीएम स्टार्टने प्रोजेक्ट चालवला, बग वीस मिनिटांत निघाला, त्याने कौतुक पण केलं.

रात्री मेल आली, तुमच्या पॅकेजची नवी व्हर्जन पब्लिश झाली. मी तर काहीच केलं नव्हतं!

मग तो प्रोजेक्ट नुसता एडिटरमध्ये उघडून एकेक फाइल बघितली. कॉन्फिगच्या फाइलमध्ये एक साधी ओळ, सेमीकोलन, आणि तिथे ओळ संपली असंच वाटतं. पण खालचा आडवा स्क्रोलबार एवढासा झाला होता. उजवीकडे सरकवत गेलो तर शेकडो स्पेसनंतर गिचमिड कोड, बाहेरच्या सर्व्हरवरून स्क्रिप्ट आणून चालवणारा. एनपीएमचं टोकन (ज्याने माझ्या नावावर पॅकेज पब्लिश करता येतं), एसएसएच की (सर्व्हरवर लॉगिन करायची किल्ली), ब्राउझरमधले सेव्ह केलेले पासवर्ड, सगळं गेलं असंच धरून चाललो. दुसऱ्या मशीनवरून टोकन आणि की रद्द केल्या, पासवर्ड बदलले, ती व्हर्जन काढली (७२ तासांच्या आत अनपब्लिश करता येतं), लॅपटॉप फॉरमॅट केला. पण मधल्या काही तासांत ज्यांनी माझ्यावर भरवसा ठेवून अपडेट घेतलं त्यांचं काय, हे मनातून जात नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये शाई-हुलूद नावाचा वर्म (आपोआप पसरणारं मालवेअर) असाच चोरलेल्या टोकनवर एका पॅकेजमधून दुसऱ्यात पसरला होता.

हा प्रकार नवा नाहीये, सिक्युरिटीवाले २०२३ पासून याला 'कंटेजियस इंटरव्ह्यू' म्हणतायत आणि उत्तर कोरियाच्या हॅकर्सशी जोडतायत. बरेच जण म्हणतात इन्स्टॉल करताना इग्नोर-स्क्रिप्ट्स (पॅकेजमधल्या स्क्रिप्ट आपोआप चालू न देणारा पर्याय) लावा, ते लावाच, पण माझ्या केसमध्ये त्याने काही वाचलं नसतं कारण कोड इन्स्टॉलला नाही, स्टार्टला चालला. अनोळखी प्रोजेक्ट फेकून देता येईल अशा व्हर्च्युअल मशीनमध्येच (कॉम्प्युटरच्या आत चालणारा वेगळा कॉम्प्युटर) चालवा, आणि समोरचा त्याला नाही म्हणाला तर कॉल तिथेच कट करा.

त्याचं अकाउंट आता गायब आहे. गेल्या आठवड्यात तोच प्रोजेक्ट दुसऱ्या नावाने दिसला, तोच लॉगिनचा बग, रीडमीमध्ये तीच स्पेलिंगची चूक. रिपोर्ट केलाय.