आठ महिने, एक जाडजूड ग्रंथ आणि माणसाची पर्वा नसलेले ड्रॅगन

उर्सुला ले ग्विन यांच्या 'अर्थसी' या बेटांच्या काल्पनिक जगावरील मालिकेतील सहाही पुस्तके आणि सुट्या कथा एकत्र बांधलेला, चार्ल्स व्हेस यांची चित्रे असलेला २०१८ सालचा ग्रंथ मी आठ महिन्यांपूर्वी विकत घेतला. घेण्यामागचा हेतू सरळ होता: मला ड्रॅगन हवे होते, आणि तेही पाठीवर खोगीर चढवून न घेणारे. गेल्या काही वर्षांत वाचलेल्या बहुतेक फँटसी कादंबऱ्यांतले ड्रॅगन दिसायला अक्राळविक्राळ असले तरी दुसऱ्या-तिसऱ्या प्रकरणापर्यंत नायिकेच्या मनातले ओळखून तिची समजूत काढू लागतात, आणि मग त्यांच्यात व एखाद्या इमानी कुत्र्यात आकारापलीकडे फारसा फरक उरत नाही. हा ग्रंथ त्या तक्रारीवरचा उतारा ठरेल, असे मला दोन-तीन जाणत्या वाचकांनी सांगितले होते. तो कितपत ठरला, हे आता पूर्ण वाचून, त्यातला बराचसा भाग दुसऱ्यांदा वाचून आणि काही भाग एका अकरा वर्षांच्या श्रोत्याला मराठीत सांगून झाल्यावर लिहीत आहे.

आधी वस्तूविषयी. सुमारे हजार पानांचा हा ठोकळा हातात धरून वाचता येत नाही, तो मांडीवर उशी ठेवून किंवा टेबलावर उघडूनच वाचावा लागतो. झोपून वाचण्याचा प्रयत्न मी एकदाच केला आणि ग्रंथ नाकावर आल्यावर तो नाद सोडला. प्रवासात नेण्याचा तर प्रश्नच नाही. ज्यांचे वाचन लोकलमध्ये किंवा बसमध्ये होते, त्यांनी सुटी पुस्तके किंवा ई-आवृत्ती घ्यावी. उलट टेबलावर तो नीट उघडा राहतो, अक्षर पुरेसे मोठे आहे आणि रोज वापरूनही माझ्या प्रतीचा एकही फर्मा सुटलेला नाही.

ड्रॅगनप्रेमींमध्ये जे दोन पंथ आहेत, त्यांचा उगम योगायोगाने एकाच वर्षी सापडतो. १९६८ साली ॲन मकॅफ्री यांचे 'ड्रॅगनफ्लाइट' आले, ज्यात अंड्यातून बाहेर पडणारे पिल्लू आपला माणूस निवडते आणि दोघांची मने जन्मभरासाठी जोडली जातात. त्याच वर्षी ले ग्विन यांचे 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' आले, ज्यातला ड्रॅगन कोणालाही निवडत नाही, कारण निवडण्याइतकी माणसाची किंमत त्याच्या हिशेबात नाही. पहिल्या पंथाचा वंशविस्तार प्रचंड झाला. आज ज्या कादंबऱ्यांवर उड्या पडतात त्या बहुधा तिकडच्याच आहेत, आणि त्यांतले ड्रॅगन माणसे जाळत असले तरी शेवटी ते आपल्या माणसासाठी जाळतात. उग्रपणा आणि अमानुषपणा या दोन गोष्टी चाहत्यांच्या चर्चेत सर्रास एकच मानल्या जातात. वास्तविक उग्र तर चिडलेला रेडाही असतो. अमानुष तो, ज्याच्या रागालोभाचे गणितच आपल्याला मांडता येत नाही.

हे गणित काय असते ते पहिल्या पुस्तकातल्या पेंडॉर बेटाच्या प्रकरणात दिसते, आणि केवळ त्या प्रकरणासाठीही मी हा ग्रंथ पुन्हा विकत घेईन. तरुण मांत्रिक गेड आपल्यावर विसंबलेल्या कोळ्यांच्या बेटांना पुढे धोका होऊ नये म्हणून छोट्या नावेतून एकटाच पेंडॉरला जातो, अंगावर आलेल्या तरुण ड्रॅगनांना मंत्राने मारतो आणि मग त्यांच्या बापाला हाक घालतो. समोर पडका बुरूज दिसत असतो, आणि आपण ज्याला बुरुजाचा भाग समजत होतो तो त्या म्हाताऱ्या ड्रॅगनचा खांदा आहे, हे तो खांदा हलू लागल्यावर कळते. हा क्षण लेखिकेने एका वाक्यात उरकला आहे, त्यामुळे तो जास्त अंगावर येतो. पुढचे संभाषण मी किमान पाच वेळा वाचले असेल. आपल्या आठ मुलग्यांपैकी पाच मेले आणि सहावा मरणपंथाला लागला, हे तो बाप एखाद्या सावकाराने वहीतला जमाखर्च वाचून दाखवावा तशा आवाजात सांगतो. तिथे ना आक्रोश, ना सुडाची भाषा. सरळ सौद्याला सुरुवात होते, आणि सौद्यात तो नेमकी तीच वस्तू पुढे करतो जिच्यासाठी गेडचा जीव तळमळतो आहे. मुलग्यांच्या मरणाचे दुःख त्याला झाले की नाही, हे मला आठ महिन्यांनंतरही ठरवता आलेले नाही. झाले असेल तर ते ज्या जागी झाले त्या जागेपर्यंत माणसाची नजर पोचत नाही, आणि तरीही तो प्राणी आपल्यापेक्षा हुशार आहे यात शंका उरत नाही. दात, नखे आणि ज्वाळा सगळ्याच कादंबऱ्यांत असतात. ही थंडी मला इतर फार थोड्या ठिकाणी भेटली.

दुसरी गोष्ट भाषेची. अर्थसीमध्ये आद्य भाषा नावाची एक भाषा आहे, जिच्यात प्रत्येक वस्तूचे खरे नाव आहे आणि जिच्यात माणसाला खोटे बोलता येत नाही. ड्रॅगनची मात्र ती मातृभाषा असल्यामुळे ते तिच्यात सत्याला हवे तसे वळण देऊन ऐकणाऱ्याला आरशांच्या चक्रव्यूहात फिरवू शकतात. म्हणजे माणूस जी भाषा गुरूकडून वर्षानुवर्षे शिकतो आणि जिच्यात तो बांधला जातो, त्याच भाषेत हे प्राणी जन्मजात मोकळे असतात. १९७२ च्या 'द फार्देस्ट शोअर'मध्ये जगातली जादू आटू लागते आणि या ड्रॅगनांची वाचा जाते, तेव्हा लेखिकेने माझी सगळी अपेक्षा उलटी केली. वाचा गेलेले ड्रॅगन वेडे होऊन एकमेकांवर तुटून पडतात. किनाऱ्यावर एकाचे अर्धवट खाल्लेले धूड पाहून गेडचा तरुण सोबती अॅरन विचारतो की हे आपल्याच जातीच्यांना खातात का, आणि गेडच्या उत्तराचा आशय असा की आपण खातो तितपतच. इथे ड्रॅगन अधिक हिंस्र झाले आहेत, पण त्यांची भीती वाटेनाशी होते आणि वाईट वाटू लागते. उग्रपणाच हवा असणाऱ्या चाहत्याने ही पाने जरूर वाचावीत, कारण त्याची मागणी इथे शब्दशः पुरी झाली आहे आणि हाती जे उरते ते नुसते जनावर आहे.

'जनावर' या शब्दावरून आठवले. खऱ्या नावाचा हा सगळा प्रकार इंग्रजी वाचकाला कदाचित कल्पनाविलास वाटत असेल, पण ज्या घरात तिन्हीसांजेनंतर सापाचे नाव न घेता 'जनावर' किंवा 'लांबडं' म्हणायचे आणि पुरलेल्या धनावर नाग बसलेला असतो हे गृहीत धरायचे, तिथल्या वाचकाला पेंडॉरचा खजिना आणि त्यावरचा राखणदार समजावून सांगावा लागत नाही. माझ्या भाचीला तर लागला नाही. सुट्टीत ती राहायला आली असताना मी तिला रोज रात्री थोडा थोडा भाग मराठीत सांगत गेले, आणि ग्रंथाचा खरा कस तिथे लागला.

पहिली अडचण संबोधनाची होती. पेंडॉरचा ड्रॅगन गेडशी बोलताना 'तू' म्हणणार हे उघड होते, पण गेडने त्याला काय म्हणावे? 'तुम्ही' म्हटले की तो एकदम आजोबा होतो आणि 'तू' म्हटले की दोघे बरोबरीचे वाटतात. मी शेवटी 'तू' ठेवले, कारण देवाला आणि शत्रूला आपण 'तू'च म्हणतो. दुसरी अडचण कालेसिनची. हा सर्व ड्रॅगनांतला सर्वांत ज्येष्ठ, आणि तो नर आहे की मादी हे कोणाही माणसाला सांगता येत नाही. मराठीत मात्र 'आला' किंवा 'आली' म्हटल्याशिवाय वाक्यच पुरे होत नाही. पहिल्या रात्री मी बेसावधपणे 'कालेसिन आला' म्हणून गेले आणि भाचीने लगेच टोकले, "आत्या, कोणालाच माहीत नाही म्हणालीस ना, मग तुला कसं कळलं?" तेव्हापासून आम्ही 'ते आले' असे म्हणू लागलो. हे रूप नपुंसकलिंगी आहे आणि आदरार्थीही आहे, त्यामुळे ऐकणाऱ्याला आपण काय ठरवले याचा पत्ता लागत नाही. कालेसिनला ही तडजोड चालली असती असे वाटते. (वर मी 'हा' आणि 'तो' लिहिले आहे खरे. सवय जात नाही.)

आता तक्रारी. ड्रॅगनसाठी हा ग्रंथ घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे की हजार पानांत प्रत्यक्ष ड्रॅगन असलेली पाने थोडी आहेत. दुसऱ्या पुस्तकात, १९७१ च्या 'द टूम्ब्स ऑफ अटुआन'मध्ये, एकही ड्रॅगन समोर येत नाही. ते पुस्तक थडग्यांखालच्या अंधाराचे आहे, आणि मला ते अतिशय आवडले असले तरी ते वाचताना माझी मूळ मागणी तशीच पडून राहिली हे खरे. मोठा मतभेद आहे तो नंतरच्या पुस्तकांविषयी. १९९० च्या 'तेहानू'पासून आणि २००१ च्या 'दि अदर विंड'मध्ये तर उघडच, असे सांगितले जाते की माणसे आणि ड्रॅगन मुळात एकच होते. पुढे माणसांनी मालकी आणि हातांची कामे निवडली, ड्रॅगनांनी मोकळेपण निवडले आणि वाटा वेगळ्या झाल्या. पुष्कळ चाहत्यांना इथे फसवल्यासारखे वाटते, आणि पहिल्या वाचनात मलाही तसेच वाटले, कारण ज्याचा परकेपणा मी चवीने चाखत होते तो अचानक दूरचा भाऊबंद निघाला. दुसऱ्या वाचनात राग बराच निवळला. भाऊबंद जितका परका होऊ शकतो तितका परका परकाही होत नाही, हे वाटणीचे दावे पाहिलेल्यांना सांगायला नको. तरीही 'दि अदर विंड'मधली ड्रॅगनची काही संभाषणे मला फार समजूतदार वाटतात, आणि तिथे पेंडॉरचा म्हातारा असता तर त्याने जांभई दिली असती.

चित्रांविषयी थोडक्यात. व्हेस यांनी लेखिकेशी दीर्घकाळ चर्चा करत ती काढली, पण ग्रंथ छापून येण्याआधीच, २२ जानेवारी २०१८ रोजी, ले ग्विन वारल्या. २०१९ साली विज्ञानकथा आणि फँटसीसाठीच्या ह्यूगो पुरस्कारांत उत्कृष्ट चित्रग्रंथाचा मान याला मिळाला. माणसे लेखिकेने लिहिली तशी तांबूस-सावळी आहेत, हे पाहून बरे वाटले. ड्रॅगनांची चित्रे सुंदर आहेत, आणि माझी हरकत नेमकी तीच आहे: पेंडॉरचे प्रकरण वाचताना माझ्या डोळ्यांपुढे जो खांदा हलला होता, त्याच्यापुढे कोणतेही चित्र जरा जास्त देखणे वाटते. शक्य असल्यास आधी मजकूर वाचावा आणि मग चित्राकडे वळावे.

एक शेवटची सूचना क्रमाबाबत. १९६४ ची 'द रूल ऑफ नेम्स' ही छोटी कथा या ग्रंथात कादंबऱ्यांच्या नंतर टाकली आहे, पण ती पेंडॉरच्या प्रकरणाला लागूनच वाचावी. तिच्यात एका बेटावरचा गुबगुबीत, काहीसा निकामी मांत्रिक आहे, आणि त्याचे खरे नाव उच्चारले की तो आपल्या ताब्यात येईल अशा खात्रीने एक पाहुणा ते नाव घेतो. पुढे काय होते ते सांगत नाही. भाचीला सांगितले तेव्हा ती आधी खळखळून हसली, मग गप्प झाली, आणि त्या रात्री पाणी प्यायला स्वयंपाकघरात एकटी जायला तयार झाली नाही.