कोणत्या जगात आधी शिरावे? चार कल्पनारम्य वेबकॉमिक्सचा तुलनात्मक आढावा

दीर्घ कल्पनारम्य वेबकॉमिकची शेकडो पाने वाचायला घेण्यापूर्वी त्याच्या चित्रांशी आपले जमेल का, हे पाहून घेणे शहाणपणाचे असते, कारण कथानकाचा सारांश कुठेही मिळतो, पण सारांशावरून हे कळत नाही. येथे तुलनेसाठी घेतलेल्या चारही कृती मुळात वेबवर पानापानाने प्रसिद्ध झाल्या आणि चौघींनीही स्वतःचे स्वतंत्र जग उभे केले. त्यांच्यात डावे-उजवे ठरवताना मी एकच कसोटी लावली आहे: त्या जगाचे नियम, इतिहास आणि श्रद्धा संवाद झाकून नुसत्या चित्रांतून कितपत कळतात? ज्या कृतीत पात्रे एकमेकांना त्यांना आधीच ठाऊक असलेला इतिहास सांगत बसतात, तिची चित्रे कितीही देखणी असली तरी ती कल्पनाशक्ती लेखणीची आहे, कुंचल्याची नव्हे.

या कसोटीवर सर्वांत आधी डोळ्यांत भरते ती टॉम पार्किन्सन-मॉर्गन यांची ‘किल सिक्स बिलियन डेमन्स’. 2013 साली सुरू झालेल्या या कृतीत अ‍ॅलिसन नावाची सामान्य विद्यार्थिनी 7,77,777 विश्वांच्या मध्यभागी असलेल्या थ्रोन नावाच्या महानगरात जाऊन पडते. हे नगर मृत देवांच्या कलेवरांवर वसलेले आहे आणि ही गोष्ट कोणी सांगण्याआधीच चित्रात दिसते, कारण प्रचंड दगडी देहांच्या खांद्यांवर व कवट्यांवर वस्त्या, पूल आणि बाजार चढलेले असतात. गर्दीच्या पानांत शेकडो प्राणी असतात आणि प्रत्येकाचा पोशाख, शस्त्र व मुखवटा वेगळा असतो, त्यामुळे एकेका पानावर थांबून फिरण्याची सवय नसलेला वाचक येथे लवकर दमतो. पानांखाली अनेकदा त्या जगातील धर्मग्रंथांचे व दंतकथांचे उतारे दिलेले असतात. ते वगळले तरी कथा पुढे सरकते, पण सत्ता बळकावून बसलेल्या सात राजांमागचे तत्त्वचिंतन मात्र निसटते. दोष सांगायचा तर लढायांच्या पानांवर तपशिलांची इतकी दाटी होते की कोणाचा वार कोणावर पडला हे समजायला चौकट दोनदा पाहावी लागते. शिवाय हिंसा भरपूर आहे.

मिन्ना सुंडबर्ग यांची ‘स्टँड स्टिल, स्टे सायलेंट’ याच्या अगदी उलट स्वभावाची आहे. ती 2013 ते 2022 या काळात प्रसिद्ध झाली. महामारीने जग उद्ध्वस्त झाल्यानंतर 90 वर्षांनी आइसलँड, नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क आणि फिनलंड यांच्या काही भागांतच माणसे उरली आहेत आणि एक अपुऱ्या पैशांची, अर्धवट तयारीची तुकडी जुन्या जगाच्या अवशेषांत शिरते, असे तिचे कथासूत्र आहे. येथे विस्मय गर्दीतून येत नाही, तो रिकामेपणातून येतो: बर्फाखाली गेलेले रस्ते, कोसळलेल्या इमारतींत शिरलेला थंड निळसर प्रकाश आणि त्यात दिव्याचा किंवा आगीचा एखादा नारिंगी ठिपका. रंगांच्या या शिस्तीमुळे सुरक्षित जागा कोणती आणि धोक्याची कोणती, हे वाचकाला शब्दांविना कळू लागते. फिनलंड व आइसलँड येथील पात्रांची जादू आपापल्या जुन्या दैवतपरंपरांशी जोडलेली आहे, तर इतर काही सहप्रवासी त्या जादूवर विश्वासच ठेवत नाहीत, आणि या विसंगतीतून विनोद व ताण दोन्ही निर्माण होतात. पात्रांना एकमेकांच्या भाषा समजत नाहीत, हाही कथेचा महत्त्वाचा धागा आहे. भाषांविषयीचे सुंडबर्ग यांचे कुतूहल इतके की, या कृतीसाठी त्यांनी इंडो-युरोपीय आणि युरॅलिक भाषाकुळांचे जे वृक्षचित्र काढले, ते कॉमिक न वाचणाऱ्यांपर्यंतही पोहोचले. उणीव गतीची आहे. प्रस्तावना लांब आहे, मोहीम निघेपर्यंत बराच वेळ जातो आणि मध्येच नकाशे व माहितीपाने येतात. मला ती माहितीपाने कथेइतकीच आवडली, पण केवळ पुढे काय झाले एवढ्यासाठी वाचणाऱ्याला ती अडथळ्यासारखी वाटतील.

अ‍ॅशली कोप यांची ‘अनसाउंडेड’ 2010 मध्ये सुरू झाली आणि जग व पान यांचे नाते सर्वांत धीटपणे हाताळणारी कृती म्हणून मी तिला या चौघींत पहिले स्थान देतो. चोरांच्या सरदाराची शेपटीवाली, तोंडाळ मुलगी सेट आणि तिच्या सोबतीला दिलेला मृतदेहरूपी विद्वान मांत्रिक डुएन अशी ही विजोड जोडी आहे. दिवसा तो सभ्य, धर्मनिष्ठ आणि वादविवादात निपुण असतो. रात्री त्याचे भान हरपते आणि उरते ते भुकेले प्रेत. या जगातील जादू म्हणजे एका वस्तूतील उष्णता किंवा कठीणपणा यांसारखा गुण काढून दुसरीला देणे, आणि हा सारा व्यवहार ‘खेर्ट’ नावाच्या अदृश्य जाळ्यातून चालतो, ज्यात मेलेल्यांच्या आठवणीही साठलेल्या असतात. नियम इतके काटेकोर आहेत की एखाद्या लढाईत मांत्रिकाच्या आसपास कोणत्या वस्तू पडल्या आहेत हे पार्श्वभूमीत नीट पाहणाऱ्या वाचकाला पुढची चाल आधीच सुचू शकते. पार्श्वभूमीला असे काम देणारे चित्रकार थोडे असतात. त्यापुढे जाऊन, काही निवडक प्रसंगी चित्र चौकट मोडून पानाबाहेर संकेतस्थळाच्या पार्श्वभूमीवर पसरते, आणि त्या जगाची वीण उसवते आहे ही जाणीव वाचकाच्या पडद्यावरच घडते. कॉमिक्सचे चित्रकार व अभ्यासक स्कॉट मॅक्लाउड यांनी 2000 साली मांडलेली कल्पना अशी होती की, संगणकाच्या पडद्यावर कॉमिकला छापील पानाची मर्यादा मानण्याचे कारण नाही. ‘अनसाउंडेड’ ती मर्यादा बहुतेक वेळ पाळते आणि म्हणूनच मोडते तेव्हा परिणाम होतो. येथेही क्रौर्य आहे, त्यात लहान मुलांवरील अत्याचारांचे प्रसंग आहेत, आणि विनोदी सुरुवातीवरून त्यांचा अंदाज येत नाही, हे आधी सांगणे आवश्यक आहे. राजकीय व धार्मिक नावांची भाऊगर्दीही सुरुवातीला जड जाते.

चौथी ‘डिगर’ ही अर्सुला व्हर्नन यांची कृष्णधवल कृती 2003 ते 2011 या काळात पूर्ण झाली आणि 2012 मध्ये तिला विज्ञानकथा व कल्पनारम्य साहित्यासाठी दिला जाणारा ह्यूगो पुरस्कार सर्वोत्कृष्ट चित्रकथा म्हणून मिळाला. खोदकामात निष्णात असलेली एक वॉम्बॅट (ऑस्ट्रेलियातला बिळे खोदणारा प्राणी) वाट चुकून भलत्याच प्रदेशात, थेट गणेशाच्या मंदिरात वर येते आणि तेथील मूर्ती तिच्याशी बोलू लागते. हा गणेश गंभीर, सौजन्यशील आणि किंचित मिश्कील आहे, आणि परक्या चित्रकर्तीने केवळ नवलाईसाठी दैवत उचलले असे कोठेही वाटत नाही. काळ्या पृष्ठभागातून पांढऱ्या रेषा कोरून काढल्यासारखी तिची शैली बोगदे, गुहा आणि तरसांच्या टोळीच्या श्रद्धा यांना नेमकी शोभते. देव, भुते आणि शकुन यांच्याकडे वैतागलेल्या अभियंत्याच्या नजरेने पाहणारी नायिका हे या कृतीचे मोठे बळ आहे. भव्य दृश्ये मात्र तुलनेने कमी आहेत, आणि सुरुवातीची पाने नंतरच्या पानांपेक्षा साधी आहेत.

शैलीतील असा फरक दीर्घ वेबकॉमिक्समध्ये अटळच असतो. टॉम सिडेल यांच्या 2005 पासूनच्या ‘गनरक्रिग कोर्ट’ची पहिली आणि अलीकडची प्रकरणे शेजारी ठेवली तर ती दोन वेगळ्या हातांची वाटावीत. म्हणून कोणत्याही कृतीचा निकाल पहिल्या दहा पानांवर लावू नये. तिसऱ्या किंवा चौथ्या प्रकरणातील काही पाने आधी पाहावीत. त्यातून थोडे रहस्य फुटले तरी चालेल, पण पुढे चित्र कोठवर जाते याचा अंदाज येतो.

उभ्या स्क्रोलमध्ये वाचायच्या मालिकांचा हिशेब वेगळा आहे. रेचल स्माइथ यांची 2018 ते 2024 या काळातील ‘लोर ऑलिंपस’ प्रत्येक ग्रीक दैवताला स्वतंत्र रंग देते, पर्सेफनीला गुलाबी आणि हेडीसला निळा, आणि बोटाने खाली सरकणाऱ्या लांब पट्टीत त्या रंगांचे प्रवाह सुरेख खेळवते. मात्र संपूर्ण पानाची रचना एका नजरेत पाहण्याचा आनंद त्या स्वरूपात मिळत नाही, आणि वर तपासलेल्या चार कृतींचे सामर्थ्य मुख्यतः त्याच आनंदात आहे.

निवड करताना वाचनाचे साधन आणि सहनशक्ती या दोन गोष्टी आधी पाहाव्यात. फक्त फोनवर वाचणाऱ्याने ‘डिगर’ घ्यावी, कारण तिच्या ठळक काळ्या-पांढऱ्या रेषा लहान पडद्यावरही स्पष्ट राहतात आणि कथा पूर्ण झालेली असल्याने पुढच्या पानाची वाट पाहावी लागत नाही. मोठा पडदा हाताशी असेल, पण रक्तपात नको असेल आणि निसर्गचित्रांची ओढ असेल, तर ‘स्टँड स्टिल, स्टे सायलेंट’ योग्य ठरेल, तिच्यातील विद्रूप राक्षस मनाला मानवत असतील एवढीच अट. वास्तुकल्पना, वेशभूषा आणि रचलेली पुराणे यांसाठी वाचणाऱ्याने ‘किल सिक्स बिलियन डेमन्स’ घ्यावी, मात्र एका बैठकीत एका प्रकरणापेक्षा जास्त वाचू नये. आणि नियमबद्ध जादू, गुंतागुंतीचे राजकारण व मनावर ओरखडे काढणारी पात्रे यांची तयारी असेल, तर ‘अनसाउंडेड’ मूळ संकेतस्थळावर, संगणकाच्या पूर्ण पडद्यावर वाचावी. चौकटीबाहेर जाणारी तिची पाने इतरत्र त्याच स्वरूपात दिसत नाहीत.