लेट्यूससाठी क्रेट की टब?

लेट्यूस, रॉकेट, पालक ही पानं सहा इंच मातीत खुशाल येतात, तेव्हा खोल कुंड्यांवर पैसे घालवू नका. प्रश्न उरतो तो भाजीवाल्याकडचा जाळीचा क्रेट घ्यावा की घरातला जुना टब, एवढाच. पुण्यात तिसऱ्या मजल्यावर, सकाळचं ऊन येणाऱ्या बाल्कनीत मी दोन्ही वापरलेत.

वाढीला क्रेट सरस, हे कबूल. आत जुनी शेडनेट अंथरली की झालं. चहूकडून हवा खेळते, मुळं कुजत नाहीत आणि ऊन सरकेल तसा उचलून नेता येतो. दिवाळीनंतर पेरलेलं माझं पहिलं लेट्यूस क्रेटमध्येच माजलं होतं.

पण क्रेट गळतो, आणि मातीत मिसळलेल्या कोकोपीटमधून, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशातून, येणारं पाणी तांबूस असतं. एका रविवारी खालच्या काकू चादर हातात घेऊनच दारात उभ्या. "अहो, तुमच्या बागेचा चहा आमच्या चादरीवर पडतोय!" मग क्रेटखाली ट्रे ठेवला. आठवडाभरात ट्रेमध्ये अळ्या वळवळायला लागल्या. डेंग्यूच्या डासाला असंच साचलेलं पाणी लागतं. ट्रे ओतणं हे रोजचं काम होऊन बसलं, आणि गावाला गेलं की डोक्याला घोर.

शेवटी टब काढला. तळाला भोक पाडलंच नाही. तळापासून दीड इंचावर, बाजूला दोन भोकं पाडली. तेवढ्या उंचीपर्यंत विटांचे तुकडे नि नारळाच्या शेंड्या, वर माती, कोकोपीट, गांडूळखत. पाणी मातीखाली दडून राहतं, डासाला दिसतही नाही. भोकाशी थेंब डोकावला की हात आवरायचा. क्रेटला रोज पाणी लागायचं, टबाला थंडीत तीन दिवसांनी पुरतं.

अर्थात, उघडी गच्ची असेल आणि खाली कुणाचे कपडे वाळत नसतील, तर क्रेटच बरा. पावसात टबाचा पार चिखल होतो. शिवाय भरलेला टब हलवताना कंबर बोलते. उन्हाळ्यात तर दोन्हीकडे लेट्यूसला दांडा येतो नि पानं कडू होतात. मी तेव्हा लाल माठ पेरतो.

आता पहिली खुडणी काकूंकडे जाते. त्या लेट्यूसची पीठ पेरून भाजी करतात. मी काही बोलत नाही.