जेडीत काय लिहावं: कामांची यादी की अपेक्षित निकाल?

जॉब डिस्क्रिप्शन म्हणजे जेडी दोन पद्धतींनी लिहिता येते. एकीत रोजच्या कामांची यादी असते, दुसरीत ठरावीक मुदतीत या माणसाकडून काय घडायला हवं ते असतं. कोणती निवडायची, हे पदावर ठरतं.

स्टोअरकीपरचं पद घ्या. यादीतली ओळ: ‘मालाची आवक-जावक नोंदवणं, दरमहा साठा मोजणं.’ निकालाच्या पद्धतीत तीच ओळ अशी होते: ‘पहिल्या 3 महिन्यांत प्रत्यक्ष साठा आणि सॉफ्टवेअरमधला साठा यांतली तफावत 2 टक्क्यांच्या आत आणणं.’ पहिलीतून काम कळतं. दुसरीतून अनुभवी माणसाला गोदामाची अवस्थाही कळते, आणि अशी तफावत ज्याने पूर्वी मिटवली आहे तो अर्जात नेमकं तेच लिहितो. छाननीचं निम्मं काम तिथेच होतं.

तरीही मशीन ऑपरेटर, रिसेप्शन, डेटा एन्ट्री अशा ठरलेल्या पद्धतीच्या कामांना यादीच बरी. पाळी कोणती, साप्ताहिक सुट्टी कधी, दिवसभर उभं राहावं लागतं का, किती वजन उचलायचं, हे उमेदवाराला आधी हवं असतं. 6 ते 8 कामं पुरेत. सर्वाधिक वेळ खाणारं काम वर घ्या आणि वेळेचा वाटा लिहा: ‘ग्राहकांचे फोन, सुमारे 60 टक्के’. यादी वीस ओळींवर गेली की मुख्य काम कोणतं तेच हरवतं.

नवं पद, विक्री, टीम लीडर यांसाठी निकाल लिहा. ही पद्धत फसते ती एचआरने अंदाजाने आकडे टाकले की. असे आकडे रुजू झाल्यावर वादाचं कारण होतात. आधी संबंधित व्यवस्थापकाला विचारा, ‘वर्षाअखेरीस हा माणूस चांगला निघाला, हे कशावरून म्हणाल?’ तीन ठोस उत्तरं मिळत नसतील तर पदच अजून ठरलेलं नाही, जाहिरात थांबवा. आणि जो आकडा त्या माणसाच्या हातात नाही, तो त्याच्या माथी मारू नका.

पात्रतेत मात्र दोन्ही पद्धतींत सारख्याच चुका होतात. ‘आवश्यक’ आणि ‘असल्यास उत्तम’ वेगळं न केल्याने चांगली माणसं अर्जच करत नाहीत. प्रत्येक अटीला एकच कसोटी लावा: बाकी सगळं आहे आणि एवढंच नाही, तर मुलाखतीला बोलवाल? बोलवणार असाल तर ती अट ‘उत्तम’मध्ये टाका. ‘5 वर्षांचा अनुभव’ यापेक्षा ‘जीएसटी विवरणपत्रं स्वतंत्रपणे भरलेली असावीत’ हे जास्त सांगतं. मराठीत लिंगाकडेही लक्ष हवं: ‘टीम सांभाळणारा’ऐवजी ‘टीम सांभाळता येणं आवश्यक’ लिहिलं की स्त्रियांना ती जागा परकी वाटत नाही.

पगाराची रेंज द्याच. युरोपीय संघाच्या 2023 च्या निर्देशात तर सुरुवातीचा पगार किंवा त्याची रेंज पगाराची बोलणी होण्याआधी उमेदवाराला कळवणं बंधनकारक धरलं आहे. वरचा आकडा खालच्याच्या दुप्पट होत असेल तर बहुधा दोन हुद्दे एकाच जाहिरातीत कोंबलेले असतात. ते वेगळे करा.

निर्णय होत नसेल तर वर 3 निकाल आणि खाली 6 कामं लिहा. मग ती जेडी आज तेच काम करणाऱ्या व्यक्तीला वाचायला द्या. ‘हे तर मी करतच नाही’ असं ज्या ओळीवर ऐकू येईल, ती काढा.